आबांची खोली

आम्ही शेत घेतलं तेव्हा सगळ्या गणगोतानं आम्हाला वेड्यात काढलं. शहाणी माणसं शेत विकून नगरला फ्लॅट घेतात. आम्ही फ्लॅट विकून राहुरीच्या अलीकडं दोन एकर घेतले. माझी नणंद फोनवर म्हणाली, "उलटी गंगा वाहायला लागली बाई तुमच्याकडं," आणि लगेच पुढं, "हुरड्याला मात्र बोलवायचं हं." लोकांचं हे असं असतं. वेडेपणा तुमचा आणि हुरडा त्यांचा.

आमच्या ह्यांचं आयुष्य सुप्याच्या एका कारखान्यात यंत्रांपुढं उभं राहण्यात गेलं आणि माझं नगरच्या दवाखान्यात नर्स म्हणून रात्रपाळ्या करण्यात. ह्यांच्या नावावर पारनेरकडं वाडवडिलांचा एक जिरायती तुकडा आहे. तो एवढासा, की त्यात बैलगाडी वळवायची तर शेजाऱ्याला विचारावं लागतं. पण सातबाऱ्यावर नाव होतं, म्हणून शेतकरी ठरलो आणि शेत घेता आलं. त्या तुकड्यानं जन्मात एवढंच एक पीक दिलं.

कुणी विचारलं की हे सांगायचे, "मोकळी हवा, घरची भाजी, दुसरं काय पाहिजे?" ऐकणाऱ्याला पटायचं. मला विचारलं की मी सरळ सांगायची, "माझ्या वडलांसाठी."

माझे आबा पाथर्डीकडच्या गावात एकटे राहायचे. आयुष्यभर त्यांनी आणि आईनं कारखान्यांवर जाऊन ऊस तोडला. आई गेली. भाऊ चाकणला कंपनीत आहे, एका खोलीत चौघं राहतात, तिथं आबांना पाय पसरायला जागा नाही. आबा स्वतःची भाकरी स्वतः थापायचे आणि उरलेला वेळ पारावर काढायचे. उन्हाळ्यात ते नळावर पाणी भरताना चक्कर येऊन पडले. शेजाऱ्यांनी उचलून घरात नेलं आणि आबांनी त्यांना दम भरला की पोरीला कळवायचं नाही. पोरीला संध्याकाळपर्यंत कळलं. त्या दिवसापासून मला धड झोप नव्हती. इतक्या परक्या म्हाताऱ्यांची मी सेवा केली, आणि माझा बाप नळाच्या ओट्यावर पडून राहतो, हे काही केल्या गिळवत नव्हतं.

"माझ्याकडं या राहायला," असं मी कितीदा म्हटलं असेल. त्यावर उत्तर ठरलेलं. "लेकीच्या दारात म्हातारपन काढायचं व्हय? गाव काय म्हनंल?" फ्लॅटवर यायचे ते एका रात्रीपुरते. दुसऱ्या मजल्यावर त्यांना टांगल्यासारखं वाटायचं. खुर्चीच्या कडेवर बसायचे, जणू बसायला सांगितलंय पण टेकायला नाही. सकाळी आम्ही उठायच्या आत पिशवी भरून तयार.

तेव्हा मी निदान केलं की खोट फ्लॅटमध्ये आहे. माणूस मातीतला, त्याला जिन्यावर चढवून कसं चालेल? जमीन पाहिजे, दारात झाड पाहिजे, गोठा पाहिजे. निदान माझं, औषधही मीच शोधलं. ह्यांना शेतीची हौस होतीच. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

शेत छान मिळालं. मुळेच्या कालव्याचं पाणी, एक विहीर, दारात डेरेदार लिंब, तीन खोल्यांचं पत्र्याचं घर, पुढं ओटा, बाजूला गोठा आणि कांद्याची रिकामी चाळ. आधीच्या मालकाची मुलं पुण्याला गेली होती. घरात मग घुशींनी संसार मांडला होता. पहिल्या दिवशी कुलूप काढलं तर आतली एक घूस आमच्याकडं अशी बघत राहिली, की भाडेकरू आम्हीच आणि तीच घरमालकीण. ह्यांनी मोबाईलवर घुशी घालवण्याचा व्हिडिओ लावला. घूस तो संपेपर्यंत थांबली नाही, पण घाईनंही गेली नाही.

दसऱ्याला राहायला जायचं ठरलं होतं. त्याआधी आमच्याकडं दसरा काढतात, म्हणजे घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण, भांडंकुंडं बाहेर काढून धुवायचं. मी म्हटलं, नगरच्या घरचा दसरा या वर्षी शेतावरच काढू, विहिरीचं पाणी आहे. गोधड्या, वाकळा, सतरंज्या, पडदे सगळं टेम्पोत घालून आणलं. पण शेतावरची वीज सरकारच्या मर्जीनं येते हे आम्ही विसरलो. त्या आठवड्यात ती रात्रीची होती. गोधड्यांचा ढीग ओट्यावर आणि आम्ही दोघं ढिगाशेजारी, अशी आमची दुपार गेली. शेजारच्या वस्तीवरच्या मावशी म्हशी घेऊन चालल्या होत्या. थांबून म्हणाल्या, "दुकान टाकलं व्हय?"

त्या मावशींचा पुढं फार आधार झाला. त्यांनी आपल्या टाकीतलं पाणी दिलं, सारवायला शेण दिलं आणि सल्ले तर न मागता दिले. फक्त एका बाबतीत आमचं जमलं नाही. "ऊस लावा. पानी सोडलं की बघायला नको," असं त्या रोज म्हणायच्या. मी ह्यांना बजावून ठेवलं होतं, या रानात काय वाट्टेल ते लावा, ऊस लावायचा नाही. आबांनी सकाळी दार उघडावं आणि समोर ऊस दिसावा, हे मला नको होतं. ह्यांनी विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून पेरू, लिंबू, शेवगा अशी रोपं आणली, गमबूट आणले, गवताची टोपी आणली. ती टोपी घालून हे बांधावर उभे राहिले की पाखरं खरंच यायची नाहीत.

आणि मी लागले आबांच्या खोलीच्या मागं.

मागची खोली त्यांना ठरवली, कारण तिथं पूर्वेची खिडकी होती. फरशी घातली, पण घसरू नये म्हणून खरबरीत. भिंतीला सगळीकडं हात धरायला स्टीलचे दांडे लावले. खोलीला लागूनच संडास, तोही खुर्चीसारखा. दवाखान्यातून भंगारात निघालेली लोखंडी कॉट मिळाली, डोक्याकडून वर उचलता येणारी आणि बाजूला कठडा असलेली. ती रंगवून घेतली. उशाशी बेल बसवली. औषधांची फळी, पाण्याची झाकणाची बाटली, वाकून झाडू नये म्हणून लांब दांड्याचा झाडू. मग झाडूच काढून घेतला, त्यांनी झाडायचंच कशाला? सगळं झाल्यावर मी दारात उभी राहून खोली बघितली आणि खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हे मागून डोकावले आणि म्हणाले, "झाला का आयसीयू तयार?" त्यांच्याशी मी दिवसभर बोलले नाही.

दसऱ्याला अजून थोडे दिवस होते, पण कामांसाठी आम्ही शेतावरच मुक्काम ठोकला होता. आबांना फोन केला, नुसतं बघून जा म्हटलं. राहण्याचं नाव काढलं नाही. खोली बघितली की ते आपणच विरघळतील, असा माझा हिशेब होता. हे त्यांना राहुरीच्या स्टँडवरून मोटारसायकलवर घेऊन आले. धोतर, नवी टोपी, हातात हुलग्याची पिशवी. लेकीकडं रिकाम्या हातानं यायचं नाही, हा त्यांचा नेम.

आले ते आधी गोठ्यातच गेले. हात मागं बांधून उभे राहिले. "दावन रिकामी हाय," म्हणाले.

"घोडेगावच्या बाजारातून गाय आणायचीये," हे उत्साहानं सांगायला लागले. "तुम्ही चला बरोबर, आबा. मला गाईतलं काही कळत नाही."

"बाजारात लई गर्दी असते, धक्काबुक्की होते," मी मध्येच तोंड घातलं. "आबांना नाही न्यायचं. आबा, तुम्ही आधी खोली बघा."

आबांनी खोली बघितली. दांड्यांना हात लावून बघितला. कॉटवर बसले, कठड्यावर हात ठेवला. मी बेल वाजवून दाखवली, कॉट वर-खाली करून दाखवली, ती वर जाताना आबांनी टोपी धरली.

"चांगलं केलंय, पोरी," ते म्हणाले. "दवाखान्यावानी."

मला ते कौतुक वाटलं. आता आठवलं की हसू येतं आणि स्वतःला एक चापट मारावीशी वाटते.

उरलेली सकाळ अशी गेली. आबा उठायचे, मी बसवायची. ओट्यावर पालापाचोळा पडला होता, त्यांनी झाडू घेतला, मी काढून घेतला. हे पेरूच्या रोपांना पाणी घालत होते, आबांनी बादली उचलली, मी धावत जाऊन बादली धरली. कुंपणाशी गवत माजलं होतं, तिथं त्यांनी खुरपं लावलं, तर मी खुरपं आणून घरात ठेवलं. "आबा, आयुष्यभर राबलात. आता बसून खायचं. कशालाही हात लावायचा नाही," असं मी प्रत्येक वेळी म्हणत होते. दवाखान्यात पेशंट उठायला लागला की माझा आवाज जसा निघायचा, तसाच निघत होता. आबा जिथं बसवीन तिथं बसत होते.

ओट्यावर जेवण झालं. पिठलं, भाकरी, ठेचा, त्यांच्या आवडीचं सगळं. हात धुतला, टोपी नीट केली आणि ह्यांना म्हणाले, "पाव्हनं, पाथर्डीची गाडी कितीला हाय?"

माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं.

"आजच जाताय? एक रात्र तरी राहा."

"ऱ्हाऊन काय करू?"

"काय करू म्हणजे? राहायचं! आबा, हे सगळं कुणासाठी केलंय? त्या दुसऱ्या मजल्यावर जीव घाबरतो म्हणालात, म्हणून जमिनीवर आलो. फ्लॅट विकला. खोली तयार केली. अजून काय करू मी?"

"चिडू नको, बाय. समदं चांगलं हाय. पर गावात लोकं इचारत्यात, म्हातारा कुठं गेला? लेकीकडं. कामून? खायाला." ते शांतपणे बोलत होते, जशी दुसऱ्याच कुणाची गोष्ट. "हितं मला काय काम हाय? बसायचंच तर पारावर बसतो की. तिथं निदान पार माझ्या गावचा हाय."

"आणि परत पडलात म्हणजे?"

"पडलो तर पडलो."

झालं. त्या "पडलो तर पडलो"नं माझं डोकंच फिरलं. मला राग आला की मागचापुढचा विचार राहत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. मी ताट आपटलं आणि ओरडले, "काम, काम, काम! कामाशिवाय कुठं जायचंच नाही तुम्हाला! मग काय उचल देऊ का तुम्हाला? उचल घेतल्याशिवाय राहता येत नाही का पोटच्या पोरीकडं?"

बोलले आणि जीभ चावली. ऊसतोडीला माणसं ठरवताना मुकादम आगाऊ रक्कम देतो, तिला उचल म्हणतात. उचल घेतली की माणूस बांधला गेला. पाऊस सरत आला की आमच्या घरी मुकादम यायचा, आई चहा ठेवायची, आबा उचल घ्यायचे आणि मला कळायचं की आता दसरा-दिवाळी झाली की हे दोघं जाणार. मी वसतिगृहात, ते कुठल्या तरी कारखान्यावर, उसाच्या वाढ्यांनी शाकारलेल्या कोपीत. माझी शाळा, माझं नर्सिंग, सगळं त्या पैशावर झालं. पण त्या शब्दाचा मला लहानपणापासून इतका राग, की माझ्या संसारात मी तो कधी उच्चारला नव्हता. आणि आज उच्चारला तो बापाच्या तोंडावर फेकायला.

हे उगाच मोबाईल पुसत बसले. मला वाटलं, आता हा माणूस उठेल आणि पायी पायी स्टँडवर जाईल, आणि परत कधी येणार नाही.

आबा माझ्याकडं बघत होते. मग त्यांनी मांडी बदलली, पाठ भिंतीला टेकवली आणि विचारलं, "किती देतीस?"

मला वाटलं, टोमणा मारतायत. पण चेहरा तसा नव्हता. मुकादमासमोर बसल्यावर व्हायचा तो होता.

"आबा, मी चुकून..."

"चुकून न्हाई. कामाचं बोल. जनावर कोन बगनार?"

हे मात्र माझ्यापेक्षा शहाणे. खुर्ची सोडून आबांच्या समोर खाली बसले आणि म्हणाले, "तुम्ही बघणार. गाय तुम्हीच पसंत करायची, धारा काढणंही तुमच्याकडं."

"धारं काडायला मला आता जमायचं न्हाई, बोटं आखडत्यात. वैरन-पानी मी करीन. रातीची राखन करीन. रोपांला पानी घालीन. उनाचं काम करनार न्हाई." आबांनी एकेक अट बोटावर घेतली. "आनि गावच्या जत्रंला सुट्टी."

"कबूल," हे म्हणाले.

"त्या कॉटवर मी निजनार न्हाई. मी निजनार हितं ओट्यावर, जनावरापशी. थंडीत आत येईन. आनि खुरपं परत द्यायचं." हे शेवटचं माझ्याकडं बघून.

"कबूल," मी म्हटलं.

"मग आन उचल."

ह्यांनी खिशात हात घातला. जी नोट हाताला लागली ती पुढं केली. आबांनी ती घेतली नाही. "तिच्या हातानं," म्हणाले. मी नोट घेतली आणि त्यांच्यापुढं धरली. आबांनी ती कपाळाला लावली, नीट घडी घातली, आणि मग अर्धी उलगडून बघत म्हणाले, "पर येक सांगून ठिवतो, मुकादमीन. मी आता अर्धाच कोयता हाय."

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. एकट्या माणसाला अर्धा. आई गेल्यापासून आबांनी तिच्याबद्दल माझ्यापाशी काही बोललेलं मला आठवत नाही. दहाव्यालासुद्धा ते माणसांना पाणी देत फिरत होते. आता या ओट्यावर, गमतीगमतीत, ते एवढं बोलून गेले आणि नोट टोपीत ठेवली. मी तोंडाला पदर लावला. रडायला आलं म्हणून, आणि "मुकादमीन" म्हणाले त्याचं हसूही आलं म्हणून.

"चालेल अर्धा," मी म्हटलं. "कधीपर्यंत राहणार?"

"पट्टा पडंस्तवर."

कारखान्याचं गाळप बंद होतं, त्याला पट्टा पडणं म्हणतात. तो पडला की टोळ्या गावाकडं निघतात.

"आपल्याकडं कारखाना कुठंय, आबा?"

"मग पडायचाच न्हाई," आबा म्हणाले.

पाथर्डीची गाडी निघून गेली असेल, कुणी घड्याळ बघितलं नाही. आबांनी फोन लावला. पलीकडं त्यांच्या पारावरचे दोस्त असावेत. आबा मोठ्यानं बोलत होते, फोनवर ते नेहमी मोठ्यानंच बोलतात. "न्हाई, न्हाई, येत न्हाई मी. राहुरीकडं कामाला ऱ्हायलोय... व्हय, उचल घेतली... मुकादम बरा हाय. मुकादमीन जरा तापट हाय." हे तोंड फिरवून हसत होते. मी ऐकलं नाही असं दाखवलं. मला इतकं हलकं वाटत होतं, की त्यांनी मला आणखी काय काय म्हटलं असतं तरी चाललं असतं.

फोन ठेवून आबा उठले. घरात गेले आणि खुरपं शोधून आणलं, मी ते पिठाच्या डब्यामागं दडवलं होतं. कुंपणाशी जाऊन बसले. एक वाफा झाला असेल नसेल, तेवढ्यात तिथूनच हाक आली.

इतक्या वर्षांत माझ्या घरी त्यांनी कधी तांब्याभर पाणीसुद्धा मागून घेतलं नव्हतं. मी द्यायची तेव्हा प्यायचे, नाही दिलं तर तसेच बसायचे.

"अगं ये," आबा ओरडले, "च्या ठिव की! का कामावरच्या मानसाला च्या बी न्हाई तुमच्यात?"

मी ठेवला. दुधाचा, भरपूर साखरेचा, मोठा पेला भरून. त्यांनी एक घोट घेतला आणि साखर कमी आहे म्हणाले.